चुकीच्या बाजूचा डोळा

माणसाचा एक हात आणि एक पाय लुळा पडला की आपल्याकडे म्हणतात, 'अंगावरून वारं गेलं.' ग्रीकांनी या दुखण्याला 'अपोप्लेक्सी' म्हटलं, म्हणजे तडाखा बसून कोसळणं. इंग्रजीतला 'स्ट्रोक' म्हणजेही फटकाच. भाषा तीन, पण समजूत एकच: हे काहीतरी बाहेरून येतं, न सांगता येतं आणि त्यापुढे माणसाचं काही चालत नाही.

माझ्या आजोबांच्या हातातून एका सकाळी चहाची बशी निसटली. काय झालं ते सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. दहा मिनिटांत हात हलायला लागला, बोलणं पूर्ववत झालं आणि त्यांनी दुसरा कप चहा मागितला. 'पित्त चढलं असेल' म्हणून आजीने लिंबाचं सरबत दिलं. विषय संपला. बाराव्या दिवशी त्यांची उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ती पुढे परत आली नाही. वारं बाराव्या दिवशी आलं असं घरात सगळे मानत राहिले. खरं तर ते बशी निसटली तेव्हाच सुटलं होतं. अशा दहा मिनिटांचा अर्थ वैद्यकाला कसा उमगला, त्याची ही हकिकत आहे.

कंठमण्याच्या बाजूला, जबड्याच्या थोडं खाली दोन बोटं हलकेच टेकवा. एका वेळी एकाच बाजूला. आत ठोका लागतो, तो कॅरोटिड धमनीचा. कंठमण्याच्या वरच्या कडेपाशी या धमनीला दोन फाटे फुटतात. एक चेहऱ्याकडे आणि डोक्याच्या कातडीकडे जातो. दुसरा मानेत एकही फांदी न देता सरळ कवटीत शिरतो, आणि आत गेल्यावर त्याची पहिली महत्त्वाची फांदी जाते त्याच बाजूच्या डोळ्याला. उरलेलं रक्त मेंदूच्या त्या बाजूला मिळतं. मेंदूचं वजन शरीराच्या साधारण दोन टक्के, पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी वीस टक्क्यांच्या आसपास तो एकटा घेतो. साठवण मात्र काहीच नाही. पुरवठा थांबला की काही सेकंदांत काम थांबतं आणि काही मिनिटांत पेशी मरू लागतात.

मानेतल्या या वाहिन्यांचं मोल जुन्या लोकांना ठाऊक नव्हतं असं नाही. 'कॅरोटिड' हे नावच गुंगी, बेशुद्धी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आलं, कारण त्या दाबल्या की माणूस भान हरपतो. सुश्रुताने मर्मं सांगताना कंठनाडीच्या दोन्ही बाजूंच्या चार धमन्या सांगितल्या, दोन नीला आणि दोन मन्या. तिथे इजा झाली तर मुकेपणा येतो, आवाज बिघडतो, चव कळेनाशी होते असं तो लिहितो. पण मानेला झालेल्या जखमेने काय होतं हे ठाऊक असणं वेगळं, आणि जखम नसतानाही मानेतूनच अर्धांग येऊ शकतं हे ओळखणं वेगळं. या दोहोंमध्ये शतकं गेली.

१६५८ साली स्वित्झर्लंडमधल्या शाफहाउझेनचा वैद्य योहान याकोब वेप्फर याने अपोप्लेक्सीने मेलेल्या माणसांचे मेंदू उघडून काय दिसलं ते प्रसिद्ध केलं. काहींमध्ये रक्त सांडलेलं होतं. तडाखा दैवी नाही, त्याचा माग रक्तवाहिन्यांत सापडतो, हे त्याने दाखवून दिलं. सहाच वर्षांनी, १६६४ मध्ये, ऑक्सफर्डच्या थॉमस विलिसचा मेंदूरचनेवरचा ग्रंथ आला. त्यातल्या आकृत्या काढण्यात ख्रिस्तोफर रेन होता, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल उभारलं. मेंदूच्या तळाशी धमन्या एकमेकींना मिळून एक कडं करतात. ते विलिसच्या नावाने ओळखलं जातं. त्याच ग्रंथात एका माणसाची नोंद आहे. तो वेगळ्याच आजाराने मेला होता, पण शवविच्छेदनात त्याची उजवी कॅरोटिड दगडासारखी कठीण होऊन जवळजवळ बुजलेली निघाली. त्याच बाजूची मणक्यांतून वर जाणारी धमनी मात्र नेहमीच्या कितीतरी पट जाड झाली होती. एक वाट बुजली तेव्हा दुसरीने भार उचलला होता. म्हणून त्या माणसाला अर्धांग झालं नव्हतं. मानेतली धमनी बुजूनही माणूस चालता-बोलता राहू शकतो, ही मोलाची गोष्ट विलिसने लिहून ठेवली.

पण त्याची उलट बाजू कुणी धरली नाही. दुसऱ्या वाटेने भार उचलला नाही तर काय, हा प्रश्न पुढची अडीचशे वर्षं बाजूलाच राहिला. १९०५ मध्ये प्रागला हान्स कियारी या विकृतिशास्त्रज्ञाने कॅरोटिडला फाटे फुटतात त्या दुभाजकाशी चरबीच्या थरावर जमलेल्या गुठळ्या पाहिल्या आणि त्यांचे कण सुटून मेंदूत जात असावेत असं सुचवलं. १९१४ मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स रॅम्झी हंट याने तर स्पष्टच लिहिलं की अर्धांगाच्या प्रत्येक रुग्णाची मान तपासा, तिथले ठोके बघा. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्या माणसाच्या चालताना पोटऱ्या भरून येतात आणि थांबल्यावर बरं वाटतं, तसंच मेंदूचंही होत असावं असा त्याचा कयास होता. लोकांनी वाचलं आणि पान उलटलं.

असं का झालं, याचं उत्तर शवागारात आहे. अर्धांगाने माणूस गेला की डॉक्टर कवटी उघडत, मेंदू बाहेर काढत, मऊ पडलेला भाग बघत आणि 'मेंदूतली रक्तवाहिनी बंद पडली' असं लिहीत. मान कुणी उघडतच नसे. अमेरिका-कॅनडात तर त्याला एक व्यावहारिक कारणही होतं. अंत्यविधीपूर्वी देह टिकवण्यासाठी जो द्रव भरतात तो मानेतल्या याच धमन्यांतून भरतात. त्या कापल्या की अंत्यसंस्कार करणाऱ्यांची अडचण होई. म्हणून कवटी आणि छाती या दोहोंच्या मधला वीतभर भाग पिढ्यान् पिढ्या कुणी न पाहताच मातीत गेला.

जिवंत माणसाची मान आतून पाहायची सोय लिस्बनमध्ये झाली. एगाश मोनिझने २८ जून १९२७ रोजी कॅरोटिडमध्ये आयोडीनचा क्षार सोडून एक्स-रे घेतला आणि काचेवर मेंदूच्या धमन्यांचं झाड उमटलं. आधीचे प्रयत्न फसले होते, एक रुग्ण दगावलाही होता. मोनिझला १९४९ चं नोबेल मिळालं ते मेंदूच्या एका शस्त्रक्रियेबद्दल, जी पुढे वैद्यकाने टाकून दिली. त्याचं टिकलेलं काम मात्र हे झाड आहे. १९३७ मध्ये त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशाच चित्रांवरून मानेत बंद पडलेल्या कॅरोटिडही दाखवल्या.

चित्र आलं, पण ते कुणाचं काढायचं हे सांगणारा डॉक्टर अजून यायचा होता.

चार्ल्स मिलर फिशर कॅनडाच्या नौदलात डॉक्टर होता. एप्रिल १९४१ मध्ये अटलांटिकमध्ये त्याचं 'व्होल्टेअर' जहाज जर्मनांनी बुडवलं आणि पुढची साडेतीन वर्षं तो युद्धकैदी होता. परतल्यावर तो माँट्रियलमध्ये मेंदूच्या आजारांकडे वळला. तो रुग्णाजवळ बसून राही, त्याचं बोलणं पूर्ण होऊ देई आणि सगळं टिपून ठेवी. १९५० च्या सुमारास माजी सैनिकांच्या रुग्णालयात अर्धांगाचा एक रुग्ण त्याला सांगू लागला की हे होण्याच्या आधी काही वेळा एका डोळ्यापुढे अंधार यायचा, थोड्या वेळाने जायचा. पण डॉक्टर, तो डोळा चुकीच्या बाजूचा होता. अंग गेलं या बाजूचं, आणि डोळा मात्र त्या बाजूचा.

दुसऱ्या कुणी हे म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सोडलं असतं. फिशर तिथेच थांबला. उजवा मेंदू डाव्या अंगावर चालतो. मग डावं अंग जाणार असताना उजवा डोळा का मिटावा? उजवा डोळा आणि उजवा मेंदू या दोघांना मिळून एकच धमनी रक्त देते. बिघाड मेंदूत असता तर डोळ्याला झळ लागली नसती. तो त्या दोघांच्या खाली, डोळ्याची फांदी फुटण्याआधी असला पाहिजे. म्हणजे मानेत. डोळा चुकीच्या बाजूचा नव्हताच, अगदी योग्य बाजूचा होता.

मग फिशर शवागारात गेला आणि मान उघडू लागला. दुभाजकापाशी त्याला पिवळट, चुरा होणारे थर आणि त्यावर साकळलेलं रक्त दिसलं. १९५१ मध्ये त्याने लेख लिहिला, १९५४ मध्ये ४३२ शवविच्छेदनांच्या आधारे दुसरा. बुजलेल्या कॅरोटिड दुर्मीळ नाहीत, रोजच्या आहेत, हे त्याने सिद्ध केलं. मोठ्या झटक्याआधी अनेकांना छोटे झटके येऊन गेलेले असतात, मिनिटांत येणारे आणि मिनिटांत जाणारे, हेही त्याने ठासून सांगितलं. पुढे त्याने एका रुग्णाचा डोळा अंधारी आलेली असतानाच तपासला, तेव्हा पडद्यावरच्या बारीक धमन्यांतून पांढुरके कण हळूहळू सरकत जाताना दिसले. आता तर्काची गरज नव्हती. मानेतून सुटलेला माल डोळ्यादेखत वाहत होता.

पहिल्याच लेखात त्याने एक आशाही बोलून दाखवली होती. या छोट्या झटक्यांच्या काळातच, मोठा घाला पडण्याआधी, एखादा शल्यविशारद या अरुंद जागेला वळसा घालून रक्त पुढे नेईल.

ती आशा खरी व्हायला फार दिवस लागले नाहीत. २० ऑक्टोबर १९५१ रोजी ब्युनोस आयर्समध्ये राउल कारेआने सहकाऱ्यांसह एका ४१ वर्षांच्या रुग्णाच्या कॅरोटिडचा अरुंद तुकडा कापून काढला आणि चेहऱ्याकडे जाणारा फाटा मेंदूकडे जाणाऱ्या फाट्याला जोडून दिला. जानेवारी १९५३ मध्ये न्यूयॉर्कला पूर्ण बुजलेली धमनी साफ करायचा प्रयत्न झाला, पण वरून रक्त उलट आलंच नाही. पूर्ण मिटलेली वाट उघडता येत नाही, हा धडा तिथे मिळाला. ७ ऑगस्ट १९५३ रोजी ह्यूस्टनमध्ये मायकल डीबेकीने ५३ वर्षांच्या रुग्णाची धमनी उघडून आतला थर सोलून काढला. पायाच्या धमनीतून थर सोलण्याची ही रीत काही वर्षांपूर्वी लिस्बनच्याच झुआंव सिद दुश सांतुशने घालून दिली होती. डीबेकीचा रुग्ण पुढे १९ वर्षं जगला आणि त्याला पुन्हा झटका आला नाही.

आणि मग १९ मे १९५४, लंडनचं सेंट मेरीज रुग्णालय. ६६ वर्षांच्या एका बाईंना पाच-सहा महिन्यांत ३३ झटके येऊन गेले होते. प्रत्येक वेळी अंगाची एक बाजू जायची आणि परत यायची. आजार ओळखला जॉर्ज पिकरिंगने, हात घातला फेलिक्स ईस्टकॉट आणि चार्ल्स रॉब यांनी. भीती एकच: टाके घालताना धमनी बंद ठेवावी लागणार, तेवढ्यात मेंदू मेला तर? म्हणून त्यांनी बाईंच्या अंगाला बर्फाच्या पिशव्या लावल्या आणि शरीर २८ अंश सेल्सियसपर्यंत थंड केलं. थंड मेंदूची भूक कमी असते. दुभाजकाचा रोगट भाग काढला, चांगली टोकं एकमेकांना जोडली, चिमटे सोडले. बाई शुद्धीवर आल्या आणि झटके थांबले. हा अहवाल त्याच नोव्हेंबरात 'लॅन्सेट'मध्ये आला आणि जगाला या शस्त्रक्रियेची पहिली वार्ता त्यातून कळली. ब्युनोस आयर्सचा अहवाल १९५५ मध्ये आला, डीबेकीने आपल्या रुग्णाची हकिकत लिहिली १९७५ मध्ये. पहिला कोण, यावर नंतर वाद झाले. मला त्यात रस नाही. तिन्ही शहरांत एकच धाडस होतं: अजून चालत-बोलत असलेल्या माणसाला टेबलावर घ्यायचं, कारण उद्या उशीर झालेला असेल.

ही शस्त्रक्रिया आज कशी होते ते सांगायला हवं. मानेवर चीर देऊन धमनी मोकळी करतात, रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात, वर-खाली चिमटे लावून धमनी लांबीने उघडतात. रोगाचा थर आणि धमनीची निरोगी भिंत यांच्यामध्ये नेमकी एक फट सापडते. ती सापडली की बोथट हत्याराने थर पापुद्र्यासारखा सुटत जातो आणि दोन फाट्यांचा साचा अखंड बाहेर येतो. वरच्या टोकाला पातळ कडा लटकत राहू नये याची फार काळजी घेतात, कारण तिथेच नवी गुठळी धरते. मग धमनी शिवतात, बऱ्याचदा कापडाचं किंवा शिरेचं ठिगळ लावून. काही ठिकाणी फक्त मान बधिर करतात आणि रुग्ण जागा असतो. त्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात दाबलं की आवाज करणारं रबरी खेळणं देतात. अधूनमधून 'दाबा' म्हणायचं. आवाज आला की मेंदूला रक्त पोचतंय. आवाज आला नाही तर तत्काळ एक बारीक नळी बसवून रक्त पुढे पाठवायचं. यंत्रांनी भरलेल्या त्या खोलीत एका खेळण्याच्या आवाजाकडे सगळ्यांचे कान असतात.

इथपर्यंतची गोष्ट ऐकण्याची आहे. पुढची मोजण्याची, आणि तिला धाडस कमी लागलं नाही.

शस्त्रक्रिया सोपी वाटू लागली तशी ती पसरली. अमेरिकेत १९७१ मध्ये सुमारे १५,००० झाल्या होत्या, १९८५ मध्ये १,०७,०००. पण ज्या शस्त्रक्रियेने अर्धांग टाळायचं, तिच्यातच सुटलेल्या एखाद्या कणाने अर्धांग होऊ शकतं. १९८८ मध्ये एक पाहणी आली. तिच्यात १,३०२ रुग्णांच्या कागदपत्रांवरून जेमतेम ३५ टक्के शस्त्रक्रिया योग्य ठरल्या, ३२ टक्के अयोग्य, उरलेल्यांबद्दल शंका. झटका किंवा मृत्यू ओढवलेले रुग्ण दहा टक्क्यांच्या जवळ होते.

कॅनडातल्या लंडन, ओंटारिओ इथल्या हेन्री बार्नेटने तेव्हा आवाज उठवला. १९७८ मध्ये त्याच्याच गटाने ५८५ रुग्णांवर दाखवून दिलं होतं की साध्या ॲस्पिरिनने छोटे झटके येऊन गेलेल्या लोकांमधले पुढचे झटके आणि मृत्यू कमी होतात. १९८५ मध्ये त्याने आणखी एका शस्त्रक्रियेचा हिशेब मांडला. कवटीबाहेरची धमनी मेंदूच्या धमनीला जोडण्याची ती सुंदर, नाजूक कारागिरी झ्युरिकच्या याशारगिलने १९६७ मध्ये रूढ केली होती. १,३७७ रुग्णांत तिचा फायदा दिसला नाही. अनेक शल्यविशारद चिडले, पण आकडे बदलले नाहीत.

मग बार्नेट कॅरोटिडकडे वळला. अमेरिका-कॅनडातल्या रुग्णालयांनी झटका येऊन गेलेल्या रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन गट केले: एकाला औषधं, दुसऱ्याला औषधं आणि शस्त्रक्रिया. १९९१ मध्ये हा प्रयोग धमनी फारच अरुंद झालेल्या रुग्णांपुरता मुदतीआधीच थांबवावा लागला, कारण उत्तर लख्ख होतं. धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद झालेल्या ६५९ रुग्णांत, दोन वर्षांत त्या बाजूचा झटका औषधांच्या गटात २६ टक्क्यांना आला, शस्त्रक्रियेच्या गटात ९ टक्क्यांना. युरोपातल्या प्रयोगाचा निकालही त्याच वर्षी त्याच दिशेने आला. १९९८ मध्ये पुढचं उत्तर आलं: ५० ते ६९ टक्के अरुंद असेल तर फायदा माफक, ५० च्या खाली फायदाच नाही. कुणाला कापायचं हे कळलं, आणि कुणाला कापायचं नाही हेही. दुसरी गोष्ट पहिलीइतकीच मोठी होती.

धमनीत आतून जाळीची नळी बसवण्याची रीतही पुढे आली. २०१० मध्ये २,५०२ रुग्णांच्या तुलनेत दोन्ही पद्धती एकूण बरोबरीच्या ठरल्या. नळीत झटके थोडे जास्त आले, शस्त्रक्रियेत हृदयविकाराचे प्रसंग. दरम्यान रक्तदाबाची आणि कोलेस्टेरॉलची औषधं सुधारली. त्यामुळे ज्याला काहीच त्रास झालेला नाही, त्याची धमनी केवळ अरुंद दिसते म्हणून उघडावी का, हा प्रश्न आता जास्त सावधपणे विचारला जातो. आपल्या देशात तर धमन्या कवटीच्या आत अरुंद होण्याचं प्रमाणही बरंच आहे, म्हणून एकटी मान तपासून भागत नाही. रक्तदाब, साखर, विडी-सिगारेट आणि तंबाखू यांचा हिशेब मात्र दोन्हीकडे सारखाच चुकवावा लागतो.

या सगळ्या आकड्यांत एक आकडा मला झोपू देत नाही. ऑक्सफर्डच्या पीटर रॉथवेल यांनी जुन्या प्रयोगांची एकत्र छाननी करून २००४ मध्ये तो मांडला. शेवटच्या झटक्यानंतर दोन आठवड्यांच्या आत शस्त्रक्रिया झाली, तर पाच रुग्णांमागे एकाचा पुढचा झटका टळतो. बारा आठवडे उलटून गेल्यावर केली, तर एकाचा टाळायला १२५ जणांवर करावी लागते. तीच धमनी, तीच शस्त्रक्रिया. फरक फक्त तारखेचा.

आजोबांची बशी निसटल्यापासून त्यांची बाजू जाईपर्यंत बारा दिवस होते. त्यांच्या मानेत काय होतं ते कुणी पाहिलं नाही, त्यामुळे शस्त्रक्रियेने काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. पण कुणी पाहिलं नाही हीच तर माझी खंत आहे. म्हणून आमच्या घरात आता एक नियम आहे. एका डोळ्यापुढे पडदा आला, तोंड वाकडं झालं, शब्द अडखळला, हातातून वस्तू निसटली, आणि मग सगळं आपोआप बरं झालं, तरी सरबत करत बसायचं नाही. त्याच घटकेला गाडी काढायची. आणि डॉक्टरांना सगळं सांगायचं, चुकीच्या बाजूचं वाटलं तरी.